न्यायालयीन निर्णय शोधणाऱ्या एआय एजंटसाठी टूलचं वर्णन कसं लिहावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी शब्दांचा घोळ मिटवूया का?

हो, कारण तो आपल्या भाषेतच आहे. ‘निकाल’ म्हणजे न्यायालयाचा निवाडाही आणि शोध घेतल्यावर समोर आलेली यादीही. ‘केस’ म्हणजे चालू असलेला खटलाही आणि पंचवीस वर्षांपूर्वी छापलेलं निकालपत्रही. माणसं संदर्भावरून समजून घेतात. एजंटही, म्हणजे शोधासारखी तयार साधनं (टूल्स) वापरून काम करणारं मॉडेलही, बहुतेक वेळा घेतो, पण चुकतो तेव्हा ते कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून या पानावर न्यायालयाने दिलेल्या दस्तऐवजाला ‘निकालपत्र’ म्हटलंय आणि शोधातून आलेल्या यादीला ‘रिझल्ट’. तुमच्या वर्णनातही एका गोष्टीला एकच शब्द ठेवा. शाळेत पुनरुक्ती टाळायला शिकवलेलं असतं, ते इथे विसरायचं.

टूलचं वर्णन नेमकं वाचतं कोण?

मॉडेल वाचतं, आणि प्रत्येक संभाषणात नव्याने वाचतं. तुमचा कोड, डेटाबेसची रचना, टीमची विकी, यातलं काहीच त्याला दिसत नाही. त्याच्या हाती येतं ते टूलचं नाव, वर्णनाचा परिच्छेद आणि प्रत्येक इनपुट फील्डची स्कीमा (त्यात काय आणि कशा रूपात भरायचं ते). नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला झालेला, मॉडेलला टूल्स जोडण्याची सामायिक पद्धत ठरवणारा एमसीपी प्रोटोकॉल घ्या किंवा एखाद्या कंपनीची स्वतःची टूल-पद्धत, ढाचा थोड्याफार फरकाने हाच.

मी वर्णन लिहिते तेव्हा ग्रंथालयात पहिल्याच दिवशी कामाला लागलेला हुशार सहायक डोळ्यांसमोर ठेवते. कायदा त्याला येतो, पण कुठल्या कपाटात काय आहे ते ठाऊक नाही. शिवाय विचारायला लाजतो, आणि अडलं की अंदाजाने पुढे जातो.

‘न्यायालयाचे निर्णय शोधते’ एवढं पुरत नाही का?

एकच टूल असेल आणि प्रश्नही साधे असतील, तर कसंबसं चालतं. पण त्या ओळीत पुढचं काहीच नाही: कुठल्या न्यायालयाचे, कुठल्या सालापासूनचे, विषयाने शोधायचे की सायटेशनने (निकालपत्राच्या ठरलेल्या संदर्भ-क्रमांकाने), हाती पूर्ण निकालपत्र येणार की उतारे, काहीच सापडलं नाही तर त्याचा अर्थ काय. या जागा एजंट रिकाम्या ठेवत नाही, स्वतःच भरतो.

मग चांगलं वर्णन कसं दिसतं? एखादं दाखवा.

काल्पनिक संग्रह धरून लिहिते. टूलचं नाव ‘निकालपत्र_विषयशोध’. (नावं इथे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात बऱ्याच प्लॅटफॉर्मना टूलच्या नावात फक्त रोमन अक्षरं, अंक, अंडरस्कोर आणि हायफनच चालतात.)

> संग्रहातल्या निकालपत्रांच्या मजकुरात विषयानुसार शोध घेतं. वापरकर्त्याने कायद्याचा प्रश्न विचारला आहे, पण ठरावीक निकालपत्राचा उल्लेख केलेला नाही, तेव्हा वापरा. सायटेशन हाती असेल तर हे वापरू नका, ‘सायटेशनवरून_आणा’ वापरा. संग्रहात सर्वोच्च न्यायालयाची १९५० पासूनची आणि तीन उच्च न्यायालयांची २०१० पासूनची निकालपत्रं आहेत. जिल्हा न्यायालयं आणि न्यायाधिकरणं नाहीत. नवीन निकालपत्र यायला सात दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. जास्तीत जास्त दहा उतारे परत येतात, पूर्ण निकालपत्र येत नाही. उतारा कोणाच्या तोंडचा आहे ते ‘आवाज’ फील्डमध्ये असतं. उद्धृत करण्याआधी ‘परिच्छेद_आणा’ने आजूबाजूचे परिच्छेद वाचा. रिकामी यादी आली तर या शब्दांनी या संग्रहात काही सापडलं नाही, एवढाच अर्थ घ्या.

लांब वाटतं? मलाही सुरुवातीला वाटायचं. पण यातलं कुठलं वाक्य काढलं तर चालेल, हे एकेक काढून पाहा. ‘तीन उच्च न्यायालयं’च्या जागी खरी नावं मात्र हवीतच.

संग्रहात काय नाही, हे कशाला लिहायचं? उगाच कमीपणा.

कमीपणाचा विचार जाहिरातीत करायचा. माझ्या हातून झालेली चूक सांगते. एका कामात सायंकाळी आलेला प्रश्न होता, अमुक मुद्द्यावर न्यायाधिकरणाने काही म्हटलंय का. आमच्या संग्रहात न्यायाधिकरणाचं एकही निकालपत्र नव्हतं आणि वर्णनात मी तसं लिहिलेलं नव्हतं. टूलने रिकामी यादी दिली. एजंटने उत्तर दिलं, ‘या मुद्द्यावर न्यायाधिकरणाचा एकही निर्णय उपलब्ध नाही.’ वाक्य स्वच्छ आणि ठाम होतं, आणि साफ चुकीचं. विचारणाऱ्याने ते तसंच टिपणात उतरवलं.

दोष एजंटला देऊन भागत नाही. ‘नाही’ आणि ‘माझ्याकडे नाही’ यातला फरक त्याला कुणी सांगितलाच नव्हता. आता मी व्याप्ती वर्णनात लिहितेच, शिवाय रिकाम्या रिझल्टसोबत टूलकडूनही परत पाठवते: कुठली न्यायालयं तपासली, कुठल्या तारखांमधली, कुठले शब्द वापरून. वर्णन संभाषणाच्या सुरुवातीला वाचलेलं असतं, हा संदेश मात्र नेमक्या गरजेच्या क्षणी समोर येतो.

सायटेशनचे इतके प्रकार आहेत, एजंटला कुठला द्यायला सांगायचा?

ओळखता येईल तो कुठलाही, असं म्हणा, आणि एकसारखं करण्याचं काम टूलच्या आत ठेवा. केशवानंद भारती खटल्याचं २४ एप्रिल १९७३ चं निकालपत्र एकच, पण ते ‘एआयआर १९७३ एससी १४६१’ म्हणूनही ओळखलं जातं आणि ‘(१९७३) ४ एससीसी २२५’ म्हणूनही, कारण ते दोन वेगळ्या निकालसंग्रहांत छापलं गेलं. तुमचा डेटाबेस यातलं एकच ओळखत असेल आणि वर्णनात तसं लिहिलेलं नसेल, तर एजंट दुसरं देईल, काही सापडणार नाही, आणि भारताच्या घटनात्मक इतिहासातला सगळ्यात गाजलेला निवाडा अस्तित्वातच नसल्याचं तो सांगून मोकळा होईल.

न्यूट्रल सायटेशनमुळे (न्यायालयाने स्वतः दिलेल्या, कुठल्याही छापील संग्रहाशी न बांधलेल्या संदर्भामुळे) हे बरंच सुटसुटीत झालंय. ब्रिटनमध्ये ती २००१ पासून आहे, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सुरू केली. युरोपात ईसीएलआय ही ओळखक्रमांकाची पद्धत आहे: देश, न्यायालय, वर्ष आणि क्रमांक, मधे अपूर्णविराम (:). युरोपीय संघाच्या न्यायालयाचा गूगल स्पेन निवाडा ‘ईसीएलआय:ईयू:सी:२०१४:३१७’. पण त्याच प्रकरणाचा खटला क्रमांक आहे ‘सी-१३१/१२’. एकात २०१४, दुसऱ्यात १२. एजंटने खटला क्रमांकातून वर्ष उचललं आणि ‘निर्णयाचं वर्ष’ या फील्डमध्ये २०१२ टाकलं, की शोध फसलाच. त्या फील्डच्या वर्णनात एक वाक्य पुरतं: ‘निकालपत्र दिलं ते वर्ष, खटला दाखल झाल्याचं नव्हे, खटला क्रमांकातलंही नव्हे.’

प्रत्येक मान्य प्रकाराचं एकेक खरं उदाहरण फील्डच्या वर्णनात ठेवा. नियम समजावणाऱ्या तीन ओळींपेक्षा दोन उदाहरणं जास्त काम करतात. कंसांचंही सांगून टाका. ब्रिटिश पद्धतीत चौकोनी आणि गोल कंसांचे अर्थ वेगळे आहेत. तुमच्या टूलला फरक पडत नसेल तर ‘कंस गाळले तरी चालतील’ असं लिहा. आणि भारतीय ई-कोर्ट्समधला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक हा सायटेशन नाही, तो खटल्याचा क्रमांक आहे, हेही. नाहीतर तो हमखास सायटेशनच्या फील्डमध्ये येऊन बसतो.

पक्षकारांच्या नावाने शोध द्यावा का?

द्या, पण सावधपणे. नावांची स्पेलिंग बदलतात, सरकार तर हजारो प्रकरणांत पक्षकार असतं. आणि कित्येक न्यायालयं नावं झाकतात: युरोपीय संघाचं न्यायालय १ जुलै २०१८ पासून प्राथमिक निवाड्याच्या (सदस्य देशांतल्या न्यायालयांनी प्रश्न विचारलेल्या) प्रकरणांत व्यक्तींच्या नावाऐवजी आद्याक्षरं वापरतं. अशा संग्रहात ‘नावाने सापडलं नाही’ याला काडीचा अर्थ नसतो, हे वर्णनात यायला हवं.

झाकलेलं नाव इतर तपशिलांवरून हुडकून काढण्यासाठी हे टूल नाही, असंही मी लिहिते.

तारखांबद्दल काय लिहायचं?

दोन गोष्टी. रूप: वर्ष-महिना-दिवस, कारण ०३/०४/२०२३ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च यावर जगाचं एकमत नाही. आणि कुठली तारीख: निकालपत्र दिल्याची, ते संकेतस्थळावर चढवल्याची की अहवालात छापल्याची. ‘दिनांक’ एवढंच फील्डचं नाव ठेवलं असेल तर आजच बदला.

उतारा निकालपत्रातलाच आहे ना, मग तो न्यायालयाचंच म्हणणं नाही का?

नाही! हा प्रश्न कुणी विचारला की मी बाकी सगळं बाजूला ठेवते.

निकालपत्र म्हणजे अनेकांच्या आवाजांची गर्दी असते. आधी वस्तुस्थिती येते. मग अर्जदाराच्या वकिलाचं म्हणणं, कधी सलग पाच-सात परिच्छेद. मग समोरच्या बाजूचं. मधेच खालच्या न्यायालयाच्या निकालातला लांबलचक उतारा, जो पुढे जाऊन रद्दच व्हायचा असतो. मग जुन्या निवाड्यांतली अवतरणं. या सगळ्यानंतर कुठेतरी न्यायालय स्वतः बोलतं. शोधयंत्र मात्र शब्दांच्या जवळिकीवर चालतं, आणि एखादा मुद्दा सगळ्यात ठसठशीत शब्दांत मांडलेला असतो तो बहुधा वकिलाच्या युक्तिवादातच. त्यामुळे रिझल्टच्या डोक्यावर नेमका तोच उतारा येतो, आणि एजंट लिहितो: ‘न्यायालयाने असे म्हटले की…’ न्यायालयाने पुढच्याच पानावर ते म्हणणं फेटाळलेलं असतं.

खंडपीठ मोठं असलं तर आणखी गुंता. केशवानंदमध्ये तेरा न्यायमूर्ती होते, बहुमत सात विरुद्ध सहा, आणि स्वतंत्र निकालपत्रं अकरा. त्यातला एक परिच्छेद सुटा उचलला तर तो बहुमताचा की अल्पमताचा, हे परिच्छेदाच्या मजकुरावरून कळत नाही.

म्हणून माझ्या मते ‘आवाज’ हे फील्ड अशा टूलमध्ये हवंच: बहुमत, सहमत पण स्वतंत्र, भिन्नमत, पक्षकाराचा युक्तिवाद, खालच्या न्यायालयाचं अवतरण, अनिश्चित. ही वर्गवारी आपोआप केलेली असेल तर चुका असणारच, आणि तेही सांगायचं: ‘हे लेबल संगणकाने लावलेलं आहे, “अनिश्चित” असेल तेव्हा न्यायालयाचं मत म्हणून मांडू नका.’ असं फील्ड तुमच्याकडे नसेलच, तर निदान वर्णनात लिहा की उतारा कोणाचा आहे ते टूल सांगत नाही, आजूबाजूचे परिच्छेद वाचल्याशिवाय कुणाच्या तोंडी घालू नका.

रिझल्टसोबत येणारा गुण (स्कोअर) जास्त असेल तर निर्णय महत्त्वाचा समजायचा का?

०.९२ हा आकडा शब्द किती जुळले एवढंच सांगतो. निर्णय बंधनकारक आहे का, वरच्या न्यायालयाचा आहे का, यातलं काहीच त्यात नाही. मी तर तो एजंटला द्यायचंच बंद केलं. क्रमवारी पुरते. द्यायचाच असेल तर फील्डचं नाव ‘मजकूर_साम्य’ ठेवा. ‘रेलेव्हन्स’ म्हटलं की कुणीही फसेल.

तो निर्णय आज लागू आहे की नाही, हे एजंटला कसं कळेल?

टूलने सांगितलं तरच. १९७६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एडीएम जबलपूर प्रकरणात चार विरुद्ध एक मताने ठरवलं की आणीबाणीत जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना एकटे विरोधात होते. २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो निवाडा स्पष्ट शब्दांत रद्दबातल ठरवला. पण १९७६ चं निकालपत्र आजही संग्रहात जसंच्या तसं आहे, त्याच्या एकाही ओळीत २०१७ चा उल्लेख नाही. असणार कसा?

तुमच्याकडे नंतरच्या प्रवासाची माहिती असेल तर ती वेगळ्या टूलमध्ये न लपवता प्रत्येक रिझल्टसोबतच द्या. नसेल तर वर्णनात ठळकपणे: ‘पुढे अपील झालं का, निर्णय फिरवला गेला का, हे हे टूल तपासत नाही.’ अर्धवट असेल तेव्हा खरी पंचाईत. ‘स्थिती’ फील्ड रिकामं असणं म्हणजे निर्णय शाबूत आहे असं एजंट धरून चालतो. तिथे रिकामी जागा ठेवू नका, ‘तपासलेलं नाही’ हे शब्दच ठेवा.

मराठी शब्दांनी शोध चालतो का?

तुमच्या शोधयंत्राला विभक्ती कळते का, त्यावर अवलंबून. साध्या शब्दशोधात ‘जामीन’ टाकलं तर ‘जामिनावर’ सापडत नाही, कारण दीर्घ वेलांटी ऱ्हस्व झाली. ‘कूळ’ टाकलं तर ‘कुळाने’ निसटतं. म्हणजे कूळकायद्याचा शोध पहिल्याच अक्षराला अडखळला.

त्याहून छुपी भानगड: ‘कर्मचाऱ्यांची’ यातला ‘ऱ्या’ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात नुक्त्याचा ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साधा ‘र’ आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, शब्दशोधासाठी दोन वेगळे शब्द. हे एकसारखं करणं टूलचं काम आहे, एजंटच्या गळ्यात घालू नका. पण शोध मूळ शब्दाने घ्यायचा की प्रत्ययासह, आणि संग्रह मराठीत आहे, इंग्रजीत आहे की अनुवादित आहे, हे वर्णनातच सांगावं लागतं. निकालपत्रं इंग्रजीत असतील तर ‘प्रश्न कोणत्याही भाषेत असला तरी शोधशब्द इंग्रजीत द्या’ हे एक वाक्य खूप वेळ वाचवतं. अनुवाद असेल तर तो अधिकृत मजकूर नाही, हेही.

वर्णन स्वतः मराठीत लिहावं का?

चालतं. मॉडेलना मराठी कळतं. पण देवनागरीला साधारणपणे जास्त टोकन (मॉडेल मजकुराचे जे तुकडे मोजतं ते) लागतात आणि वर्णन दर वेळी सोबत जातं, म्हणून मी इंग्रजीत लिहून शोधशब्दांची उदाहरणं मराठीत ठेवते. तुमच्या टीममधला वकील इंग्रजी वर्णन नीट तपासू शकत नसेल, तर मराठीतच लिहा. चुकीपेक्षा टोकन स्वस्त पडतात.

किती टूल्स असावीत?

चार पुरतात: विषयाने शोधा, सायटेशनवरून आणा, परिच्छेद आणा, नंतरचा प्रवास पाहा. प्रत्येक न्यायालयासाठी वेगळं टूल केलेलं मी पाहिलंय, एकूण अठरा. सगळ्यांची वर्णनं जुळ्या भावंडांसारखी. एजंट दर वेळी यादीतलं पहिलंच उचलायचा. न्यायालय हे फील्ड करा, पर्यायांची ठरावीक यादी द्या, काम संपलं.

पूर्ण निकालपत्रच का देऊ नये?

पुट्टस्वामीचं निकालपत्र ५४७ पानांचं आहे. अशी दोन आणली की संभाषणात दुसऱ्या कशाला जागा उरत नाही. परिच्छेद क्रमांकाने द्या, आणि एका वेळी किती परिच्छेद मिळतील तो आकडा वर्णनात लिहा.

‘खोटी सायटेशन देऊ नका’ असं वर्णनात लिहिलं तर?

लिहा, पण त्यावर विसंबू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात माटा विरुद्ध एव्हियांका प्रकरणात चॅटजीपीटीने रचलेले, कुठेच नसलेले निवाडे दाखल झाले आणि ५,००० डॉलरचा दंड झाला. त्यातली लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की ही प्रकरणं खरी आहेत का हे वकिलाने चॅटबॉटलाच विचारलं होतं, आणि तो ‘हो’ म्हणाला होता. त्याला तपासायला दुसरं काही दिलेलंच नव्हतं.

टूल असताना सूचना पडताळता येईल अशी करता येते: ‘उत्तरात फक्त या संभाषणात टूलने परत केलेल्या “ओळख” फील्डमधलीच सायटेशन वापरा, जशीच्या तशी.’ मग उत्तर बाहेर जाण्याआधी तुमचा कोड प्रत्येक सायटेशन त्या यादीशी ताडून पाहू शकतो. सदिच्छा कोडला ताडता येत नाही.

त्रुटीसंदेशांचा वर्णनाशी काय संबंध?

ते वर्णनाचंच पुढचं पान. ‘एरर ४००’ मिळाल्यावर एजंट तीच विनंती पुन्हा पाठवतो, पुन्हा, आणि तिसऱ्यांदा. ‘सायटेशनमध्ये वर्ष नाही; उदाहरणार्थ एआयआर १९७३ एससी १४६१’ असं मिळालं की एका फेरीत सुधारतो. सर्व्हर बंद असणं आणि काहीच न सापडणं यांचे संदेश मात्र कधीही सारखे ठेवू नका.

निकालपत्राच्या मजकुरातच एजंटला उद्देशून सूचना घुसवली असेल तर?

दाखल कागदपत्रांतली अवतरणं निकालपत्रात येतात, त्यामुळे हे अशक्य नाही. परत येणारा मजकूर वाचायचा दस्तऐवज आहे, पाळायची आज्ञा नाही, हे वर्णनात लिहा. पण खरी राखण टूलच्या अधिकारांत असते. शोधाच्या टूलला फक्त वाचता यावं, लिहिणं-पाठवणं त्याच्या हातात नसावं.

वर्णन जमलंय की नाही, हे कसं ओळखायचं?

पंचवीस-तीस खरे प्रश्न जमवा. त्यात मुद्दाम काही असे घाला ज्यांचं उत्तर संग्रहात नाही, काहींत अर्धवट सायटेशन, काहींत शुद्धलेखनाच्या चुका, एक-दोन असे जिथे टूल वापरायचीच गरज नाही. मग उत्तरं वाचण्याआधी लॉग वाचा: कुठलं टूल निवडलं, फील्डमध्ये काय भरलं, रिकाम्या यादीनंतर काय केलं. एका वेळी एकच वाक्य बदला आणि सगळे प्रश्न पुन्हा चालवा. दोन वाक्यं एकदम बदलली की सुधारणा कशाने झाली ते कळत नाही, हे मी तीन आठवडे घालवून शिकले.

वर्णन डेव्हलपरने लिहावं की वकिलाने?

पहिला मसुदा डेव्हलपरने लिहावा, कारण टूल खरंच काय करतं ते त्यालाच माहीत असतं. मग तो वकिलाला द्यावा आणि फक्त एक विचारावं: हे वाचून तुम्ही कुठे गैरसमज करून घ्याल? आमच्याकडे या प्रश्नाला आलेलं पहिलंच उत्तर होतं, ‘यात “आदेश” येतात की फक्त अंतिम निकालपत्रं?’ संग्रहात अंतरिम आदेशही होते. वर्णनात तो शब्दच नव्हता.